आयुष्य ऐकायला वेळ मंजूर करा : आदिवासी संशोधनाच्या मार्गदर्शकांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातील विद्यापीठांचे समाजशास्त्र, मानवशास्त्र व समाजकार्य विभाग, तिथले संशोधन मार्गदर्शक आणि आदिवासी समाजावरील अभ्यासांना निधी देणाऱ्या संस्था

स.न.वि.वि.

आदिवासी समाजातला सांस्कृतिक बदल या विषयावरचे प्रस्ताव दरवर्षी तुमच्या टेबलावर येतात. त्यांतले बरेच एकाच साच्याचे असतात. दोनशे-तीनशे उत्तरदाते, चाळीस-पन्नास प्रश्नांची प्रश्नावली, एका घरात पाऊण तास, आणि क्षेत्रकार्य डिसेंबर ते फेब्रुवारी. शेवटी तक्ता तयार होतो : भगताकडे जाणारे पूर्वी इतके टक्के, आता दवाखान्यात जाणारे तितके टक्के. बदल झाला एवढं त्या तक्त्यावरून कळतं. तो कोणत्या वर्षांत झाला, घरात आधी कुणी केला, कुणी अडवलं, सोडलेली रीत पुन्हा कुणी आणि का धरली, यातलं काहीच कळत नाही. ते माणसाच्या आयुष्याच्या क्रमात दडलेलं असतं आणि तो क्रम ऐकायला जीवनकथनाची मुलाखत लागते. अशी मुलाखत आज प्रबंधाच्या शेवटी दोन-तीन 'व्यक्ती अभ्यासां'पुरती उरली आहे. तिला मुख्य पद्धत म्हणून मान्यता द्या आणि तिला लागणारा वेळ व पैसा मंजूर करा, हे सांगण्यासाठी हे पत्र आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या अनुसूचित जमातींची लोकसंख्या १ कोटी ५ लाख नोंदली गेली. एवढ्या मोठ्या आणि एकमेकांपासून वेगळ्या समाजांबद्दल एका दमात बोलणं बरोबर नाही. म्हणून इथली उदाहरणं पालघर आणि रायगडकडच्या वारली, कातकरी, कोकणा पाड्यांची आहेत. मेळघाटातल्या कोरकूंना किंवा भामरागडच्या माडियांना ती जशीच्या तशी लागू होणार नाहीत. पद्धत मात्र तीच राहील.

साधा वाटणारा एक प्रश्न घ्या : 'लग्नाच्या वेळी वय किती होतं?' वारली आणि कातकरी समाजांत जोडपं आधी एकत्र राहायला लागतं आणि खर्च जमला की मग विधी होतो, हे नवं नाही. कधी पाच वर्षांनी, कधी पंधरा. कधी मुलाच्या लग्नाच्या मांडवात आईबापांचंही लग्न लागतं. मग त्या प्रश्नाला मिळालेलं उत्तर कशाचं समजायचं, एकत्र राहायला लागल्याचं की विधीचं? काही जण एक सांगतात, काही दुसरं, आणि तक्त्यात दोन्ही एका रकान्यात पडतात. त्यावरून 'लग्नाचं वय वाढलं' असा निष्कर्ष निघतो. जीवनकथनात बाई सांगते की या घरी कधी आले, पहिलं पोर कधी झालं, हळद कधी लागली, पैसे कुठून आणले, लग्न लावणारी धवलेरी कोण होती, भिंतीवरचा देवचौक कुणी लिहिला. मग लग्नविधी किती वर्षं लांबला, कर्ज कुणाकडून घेतलं आणि ते फेडायला किती हंगाम वीटभट्टीवर गेले, हे एकाच सुतात दिसतं. याच भागात लग्नाच्या कर्जापायी माणूस सावकाराकडे 'लग्नगडी' म्हणून राबत असे. वेठबिगारी १९७५-७६ मध्ये कायद्याने रद्द झाली. पण लग्नखर्च, उचल आणि स्थलांतर यांची साखळी कोणत्या कुटुंबात तुटली आणि कोणत्या कुटुंबात भट्टीमालकाच्या उचलीच्या रूपाने चालू राहिली, हे फक्त आयुष्यं शेजारी ठेवून कळेल.

आजारपणाचंही तसंच. 'आजारी पडल्यावर कुठे जाता?' असं विचारलं की उत्तर 'दवाखान्यात' असंच येणार, कारण विचारणारा शहरी आणि शिकलेला आहे आणि त्याला काय ऐकायचं आहे हे पाड्याला ठाऊक असतं. त्याऐवजी प्रत्येक बाळंतपण वेगळं विचारावं. कुठे झालं, सुईण कोण होती, नाळ कशाने कापली, पाचवी कशी झाली, मूल जगलं का. पाच बाळंतपणांत पहिली तीन घरी, चौथं अडलं म्हणून डोलीतून रस्त्यापर्यंत नेलं, पाचवं आरोग्य केंद्रात झालं पण पाचवीचा विधी घरीच, असा क्रम सहज सापडतो. बदल कोणत्या वळणावर झाला ते इथे स्पष्ट दिसतं. बहुतेक वेळा कारण 'जागृती' नसतं. रस्ता झालेला असतो किंवा सुईण वारलेली असते.

आता हंगामाबद्दल, कारण सगळ्यात मोठी गफलत इथे होते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. भात कापून, झोडून झालं की दिवाळीनंतर कातकरी आणि भूमिहीन वारली कुटुंबं भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर, कोळसाभट्ट्यांवर, रेतीवर, बोटींवर निघून जातात. पाऊस तोंडावर आला की परततात. मधे होळीला चार-पाच दिवस येतात, पण त्या दिवसांत कुणीही मुलाखतीला बसणार नाही आणि बसवूही नये. संशोधक येतो डिसेंबर-जानेवारीत, कारण तेव्हा हवा चांगली, रस्ता कोरडा आणि विद्यापीठाला सुटी. त्याला पाड्यावर भेटतात ते घरची जमीन असलेले, नोकरीवाले, अंगणवाडी सेविका, म्हातारे आणि आश्रमशाळेत न गेलेली पोरं. भटक्या मजुरीने ज्यांचं आयुष्य सगळ्यात जास्त बदललं तेच नमुन्यातून गळतात. हे कुठल्याही सांख्यिकी सूत्राने भरून निघत नाही.

लावणी उरकल्यावरचा काळ, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर, त्यातल्या त्यात योग्य असतो. लोक घरी असतात आणि दुपारी सवड असते. अडचण आवाजाची. पत्र्यावर पाऊस पडत असला की ध्वनिमुद्रण निरुपयोगी होतं. म्हणून कौलारू किंवा पेंढ्याच्या घराची पडवी, शाळेची रिकामी खोली, समाजमंदिर अशी जागा आधी पाहून ठेवावी. दुसरी फेरी एप्रिल-मेमध्ये भट्टीवर जाऊन करावी लागते आणि तिथे मालकाचा मुकादम जवळपास असताना उचलीबद्दल विचारायचं नाही. प्रस्तावात या दोन्ही फेऱ्यांचा प्रवासखर्च नसेल तर तो प्रस्ताव परत पाठवा, एवढं तुमच्या हातात आहे.

माणसं निवडताना संख्या कमी ठेवा आणि अंतर जास्त. तीन-चार पाड्यांच्या एका गटात १५ माणसं पुरतात, पण ती एकसारखी नकोत. एकाच घरातल्या तीन पिढ्या असाव्यात. लग्न होऊन बाहेरून आलेली बाई, माहेरी परतलेली बाई, आश्रमशाळेत शिकून नोकरीला लागलेला, शाळा सोडून भट्टीवर गेलेला, धर्म किंवा पंथ बदललेलं कुटुंब, भगत आणि भगताला न मानणारा, सगळे हवेत. पहिल्या दिवशी पोलीस पाटील किंवा कारभारी ज्यांच्याकडे घेऊन जातो ती नेहमीची बोलकी माणसं असतात. त्यांनी दहा अभ्यासकांना तीच गोष्ट सांगून ती गुळगुळीत केलेली असते. त्यांना टाळू नये, पण तिथे थांबू नये. बायकांची मुलाखत बाईनेच घ्यावी आणि नवरा किंवा सासरा शेजारी बसलेला असताना घेऊ नये. त्यांना 'तुम्ही जरा बाहेर जा' म्हणणं अवघड असतं. त्यापेक्षा त्याच वेळी त्यांचीही मुलाखत दुसऱ्या सहकाऱ्याने दुसऱ्या घरी ठेवावी.

एका माणसाच्या किमान तीन, शक्यतो चार बैठका व्हाव्यात. प्रत्येक तास-दीड तासाची, मधे आठ-दहा दिवस. सलग दोन दिवसांत उरकलेल्या बैठका वाया जातात, कारण आठवण मधल्या दिवसांत वर येते. माणूस घरच्यांशी बोलतो, भांडतो, दुरुस्त करतो आणि पुढच्या वेळी 'तेव्हा सांगितलं ते तसं नव्हतं' म्हणतो.

पहिल्या बैठकीची सुरुवात पुस्तकांत 'जन्मापासून सांगा' अशी दिलेली असते. इथे ती चालत नाही. 'आजवर कुठकुठे राहिलात?' हा प्रश्न जास्त उघडतो, विशेषतः कातकऱ्यांत. खैराच्या लाकडापासून कात काढणं हा त्यांचा धंदा होता. इंग्रजांच्या १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव जंगलाची बंधनं घट्ट झाली आणि हा धंदा आक्रसत गेला. आजही कितीतरी कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. घर किती वेळा हललं, कुणी हलवायला लावलं, नवी झोपडी कशाची बांधली, शेजार कुणाचा मिळाला, या वाटेने काम, कर्ज, जंगल, नाती सगळं आपोआप येतं. कागदावर घरांचा साधा नकाशा काढत जावा. या बैठकीत मधे बोलायचं नाही. दहा-वीस सेकंदांची शांतता सहन होत नाही म्हणून नवे संशोधक पुढचा प्रश्न टाकतात आणि तिथेच धागा तुटतो.

दुसरी बैठक काळ बसवण्याची. वयाचा पुरावा कागदावर शोधू नका. शाळेच्या दाखल्यावर १ जून आणि आधार कार्डावर १ जानेवारी ही सोयीने घातलेली जन्मतारीख सर्रास सापडते. त्याऐवजी मुलाखती सुरू होण्याआधीच गावाचं स्थानिक कालपत्रक बनवावं. जव्हार संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं. डहाणू-तलासरीकडे वेठीविरुद्धचा १९४५ चा वारल्यांचा लढा आईबापांच्या तोंडून ऐकलेला असतो. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. घाटमाथ्यावरच्या तालुक्यांत १९७२ चा दुष्काळ आणि तेव्हा खाल्लेली तांबडी मिलो ज्वारी कुणी विसरत नाही. जव्हार तालुक्यात १९९२ मधले वावर-वांगणी गावांतले बालमृत्यू, सगळीकडे नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आणि मार्च २०२० ची टाळेबंदी. यात पाड्याच्या स्वतःच्या खुणा घालाव्यात : पहिली एसटी, वीज, शाळेची पहिली तुकडी, धरणाचं पाणी चढलं ते वर्ष, मोठा पूल. शाळेचं जनरल रजिस्टर आणि ग्रामपंचायतीची दप्तरं यांवरून या खुणांची वर्षं पक्की होतात. मग विचारायचं, 'तेव्हा तुमचं कोणतं पोर कडेवर होतं?' बाईला वर्ष आठवत नाही, पण कडेवरचं मूल पक्कं आठवतं. एवढं करूनही दोन-तीन वर्षांचा फरक राहतो. तो लपवू नये. '१९८१' असं न लिहिता '१९८० ते १९८३' असं लिहावं. प्रबंधातल्या अशा तारखांना परीक्षकांनी अशास्त्रीय म्हणणं आधी थांबवायला हवं.

तिसऱ्या बैठकीत संस्कृतीच्या ठरावीक अंगावर यायचं, आणि इथेच तुलना सगळ्यात काळजीने करावी लागते. म्हातारा माणूस 'आमच्या वेळी तारपा रात्रभर वाजायचा' म्हणतो (तारपा म्हणजे भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य) त्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. त्याचं स्वतःचं वय वाढलं, काळ बदलला आणि आजची पिढी वेगळी वाढली. या तिन्ही वेगळ्या करण्याचा सोपा उपाय म्हणजे तिन्ही पिढ्यांना एकाच वयाबद्दल विचारणं. आज सत्तरीतल्या आजीचं पंधरावं वर्ष १९७० च्या आसपास येतं, पंचेचाळिशीतल्या लेकीचं १९९५ च्या, विशीतल्या नातीचं २०२० च्या. पंधराव्या वर्षी दिवसाचं काम काय होतं, रात्री कुठे नाचायला जायचात, नवा भात कधी खाल्लात, धान्याची देवी कणसरी हिची गोष्ट कुणाकडून ऐकलीत, नागली-वरई पेरत होतात का, हातात पैसा कुणाचा यायचा. ही उत्तरं शेजारी ठेवली की गाळीव बदल उरतो. नाही तर संशोधन म्हणजे म्हाताऱ्यांच्या तक्रारींचं संकलन होतं आणि प्रत्येक प्रबंधाचा शेवट 'संस्कृती लोप पावत आहे' असा ठरलेला असतो.

लोप हा बदलाचा एकच प्रकार आहे. वारली चित्राचंच घ्या. लग्नाच्या चौकात सुवासिनी तांदळाच्या पिठाने पालघट देवी लिहीत आल्या. १९७० च्या दशकात ही कला कागदावर आली आणि जिव्या सोमा म्हशे यांच्यासारख्या पुरुष चित्रकारांच्या नावाने जगभर गेली. म्हशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. इथे घरटी विचारायला हवं की चौक लिहिणाऱ्या बाईच्या लेकीने, सुनेने पुढे काय केलं. बाजारासाठी रंगवलं की फक्त चौकासाठी? घरात पैसा आल्यावर लग्नातला चौक लांबला की आखडला? धवलेरीचं गाणं कुणी शिकलं? हे प्रश्न अजूनही विचारता येतात, कारण सांगणाऱ्या बायका हयात आहेत. वाद्य किंवा गाणं ऐकवायचा आग्रह मात्र हंगाम पाहूनच करावा. तारपा नव्या भाताच्या दिवसांत वाजतो. पावसाळ्यात 'जरा वाजवून दाखवा' म्हटलं तर लोक संकोचाने वाजवतातही, पण संशोधकाने आपलं अज्ञान त्यांच्या गळ्यात मारलेलं असतं.

चौथी बैठक ऐकवण्याची. मुद्रणातले भाग माणसाला ऐकवायचे, काय ठेवायचं, काय काढायचं, नाव घालायचं की नाही हे विचारायचं. ही बैठक सगळ्यात आधी रद्द होते, आणि संमती खऱ्या अर्थाने मिळते ती इथेच. पहिल्या दिवशी आपण काय काय बोलून जाणार आहोत हे कुणालाच माहीत नसतं.

संमतीबद्दल आणखी एक. छापील इंग्रजी-मराठी संमतिपत्रावर अंगठा घेण्याची पद्धत आदिवासी पाड्यावर बंद करावी. इथल्या कित्येक घरांची जमीन कोऱ्या कागदावरच्या अंगठ्यानेच गेली आहे आणि ती आठवण ताजी आहे. संमती तोंडी, त्यांच्याच बोलीत आणि ध्वनिमुद्रित घ्यावी. मुद्रण करू का, वापरू का, नावानिशी वापरू का, असे तीन वेगळे प्रश्न असावेत. त्याआधी पाड्याच्या बैठकीत काम समजावून सांगावं. ग्रामसभेने नाही म्हटलं तर तिथून निघावं.

नाव बदललं की ओळख लपते हा समजही चुकीचा आहे. चाळीस घरांच्या पाड्यावर 'चौथ्या बाळंतपणात डोलीतून नेलेली बाई' कोण हे सगळ्यांना माहीत असतं. पाड्याचं नाव, नात्यांचे तपशील, मुलांची संख्या यांतही बदल करावा लागतो. मोहाची दारू गाळणं, ससा-रानडुकराची शिकार, जंगलातला प्लॉट या गोष्टी आयुष्यात सहज येतात आणि त्या कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतात. बाईला भुताळी ठरवल्याचा प्रसंग आला तर त्या मुद्रणाचा तो भाग बंद ठेवावा. वनहक्क कायद्याखालच्या दाव्यासाठी जंगलजमीन १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताब्यात असावी लागते आणि दावेदाराखेरीज इतर वयोवृद्धांचा लेखी घेतलेला जबाब नियमांनुसार पुरावा मानला जातो. म्हणून जमिनीबद्दलची मुलाखत दाव्याचाच भाग आहे असं लोकांना वाटू शकतं आणि उत्तरं त्या तारखेकडे झुकतात. काम काय आहे आणि काय नाही हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करणं आणि प्लॉटचं उपग्रहाने मिळालेलं ठिकाण मुलाखतीच्या नोंदीत न ठेवणं, एवढं तरी करावं.

भाषेचा खर्च हा प्रस्तावांतला सगळ्यात मोठा खड्डा. प्रमाण मराठीत विचारलं की प्रमाण उत्तर येतं, सरकारी माणसाला दिलं जातं तसं. दुभाषा घेतला तर तो पाच मिनिटांचं बोलणं 'ते सांगतात, पूर्वी खूप हाल होते' एवढ्यावर आणतो. यात त्याचा दोष नाही, त्याला शिकवलेलंच नसतं. दोन-तीन वाक्यांमागे थांबून अनुवाद करायचा सराव त्याच्याकडून आधी दोन दिवस करून घ्यावा. त्याहून उत्तम म्हणजे बोली बोलणाऱ्या स्थानिक तरुण-तरुणींनाच मुलाखतकार म्हणून तयार करावं, पुरेसा मोबदला द्यावा आणि प्रबंधात सहसंशोधक म्हणून नाव द्यावं. लेखन दोन थरांत व्हावं : जसं बोललं तसं देवनागरीत, आणि त्याखाली मराठी. बोलीतलं वाक्य 'शुद्ध' करून लिहिलं की पुढच्या अभ्यासकासाठी ते मेलं.

आता हिशेब. १५ माणसं, प्रत्येकी साडेतीन तास, म्हणजे सुमारे ५२ तासांचं मुद्रण. बोलीतल्या एका तासाचं लेखन आणि अनुवाद करायला ८ ते १२ तास लागतात. म्हणजे ४२० ते ६३० तास. कानाला हेडफोन लावून दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त नीट काम होत नाही, तेव्हा ७० ते १०५ कामाचे दिवस फक्त लेखनाचे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या वेव्ह फायलीत एका मायक्रोफोनचा तासाला अर्धा जीबी धरला तर सगळं २७ जीबीच्या आसपास जातं, म्हणजे साठवण्याचा खर्च नगण्य. कॉलरला लावायचा मायक्रोफोन, तीन प्रती, त्यांतली एक वेगळ्या गावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली फाईल मूळ समजू नये, तिचा दर्जा उतरलेला असू शकतो. सांगणाऱ्याचा रोज बुडतो, त्याची भरपाई सगळ्यांना एकाच दराने आणि उघडपणे द्यावी. दारूची बाटली कधीच नाही.

तेव्हा मंजुरीच्या अर्जात उत्तरदात्यांच्या किमान संख्येची अट काढा. बैठकांची संख्या, दोन हंगामांतल्या फेऱ्या, बोलीतलं लेखन, स्थानिक मुलाखतकारांचं मानधन आणि मुद्रणं लोकांना परत देण्याचा खर्च हे पाच रकाने घाला. नीतिमूल्य समितीत त्या जमातीतली किमान एक व्यक्ती असू द्या. मुद्रणाची प्रत मेमरी कार्डवर कुटुंबाला आणि ज्यांनी परवानगी दिली त्यांची प्रत ग्रामसभेला पोचल्याची पावती मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका.

आणि ज्या विभागांच्या कपाटांत जुन्या क्षेत्रकार्याच्या कॅसेट असतील त्यांनी नव्या प्रस्तावांआधी त्यांचं काम हाती घ्यावं. चुंबकीय फीत दमट हवेत चिकटते, बुरशी धरते, आणि एकदा थर सुटला की आवाज परत मिळत नाही. आधी यादी करा : गाव, वर्ष, बोली, कुणी घेतलं. मग अंकीकरण, आणि मग ती मुद्रणं घेऊन त्या त्या पाड्यावर जा. कॅसेटमधला आवाज कुणाचा हे ओळखणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत, म्हणून यादीचं काम येत्या लावणीनंतरच्या फेरीआधी व्हायला हवं.

आपले,
पालघर-रायगड पट्ट्यातल्या आदिवासी पाड्यांवर मौखिक इतिहासाचं काम करणारे मुलाखतकार, दुभाषे आणि अभ्यासक